जखम भरून थांबते, मग गाठ का थांबत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वडील ५४ वर्षांचे, अंबड तालुक्यात शेती, पोरवयापासून तंबाखू-चुन्याची सवय. उजव्या गालाला आतून दाढ टोचायची, तिथं जखम झाली आणि काही महिने ती भरलीच नाही. तुकडा तपासायला पाठवला, तर रिपोर्टमध्ये ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे गालाच्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, असं आलं. तुम्ही विचारलंय, ‘विळा लागला की कातडी भरून येते आणि बरोबर जागेवर थांबते. मग तोंडातली ही वाढ का थांबत नाही? शरीराला ती थांबवता येत नाही का?’ सोबत तीन शंका आहेत: हे दाताने झालं का, तुकडा काढल्यामुळे गाठ भडकली का, आणि साखर बंद करायची का.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांतून येणारे असेच तुकडे तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. उपचार ठरवणं माझ्याकडे नसतं, ते सर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञ ठरवतात. पण वाढ कुठं आणि कशी हाताबाहेर गेली हे मी रोज काचेवर बघते, म्हणून मूळ प्रश्नाला सविस्तर उत्तर देते. तुमचा बारावीपर्यंत जीवशास्त्र हा विषय होता असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे फार सोपं करून सांगत नाही.

आधी निरोगी गाल सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावरून उलगडतं. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आमच्याकडे येतो. तो मेणात बसवून त्याचे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ काप घेतात, ते काचेवर चढवतात आणि गुलाबी-जांभळा रंग देतात. गालाचं अस्तर थराथरांचं असतं. सगळ्यात खाली एका पातळ पडद्यावर गडद जांभळ्या पेशींची एक रांग उभी दिसते. विभाजनाची मुभा जवळपास फक्त या रांगेला आणि तिला लागून असलेल्या पेशींना. तिथं जन्मलेली पेशी वर सरकते, सरकताना रुंद आणि चपटी होते, विभाजन कायमचं सोडते आणि शेवटी वरून गळून पडते. ती आपण थुंकीबरोबर गिळून टाकतो, कळतही नाही. म्हणजे तुमच्या-माझ्या गालात या क्षणीही वाढ चालूच आहे. जितक्या जन्मतात तितक्याच गळतात किंवा मरतात, म्हणून गाल आहे तेवढाच राहतो.

आता वडिलांच्या रिपोर्टसारखा तुकडा बघा. खालच्या रांगेची शिस्त मोडलेली असते. विभाजन चालू असलेली पेशी ओळखू येते, कारण तिची गुणसूत्रं मधोमध ओळीनं उभी राहिलेली असतात. अशा पेशी आता मधल्या आणि वरच्या थरांतही सापडतात. काहींत तर गुणसूत्रं दोनऐवजी तीन दिशांना ओढली गेलेली दिसतात. खालचा पडदा जागोजागी तुटलेला असतो आणि पेशींची बेटं स्नायूंच्या धाग्यांपर्यंत घुसलेली असतात. काही बेटांच्या मध्ये एकावर एक पापुद्रे चढलेले गुलाबी गोळे असतात, त्यांना आम्ही केराटिन पर्ल म्हणतो (केराटिन म्हणजे कातडीत आणि नखांत असतं ते चिवट प्रथिन). आपण अस्तराची पेशी आहोत आणि केराटिन करायचं असतं, एवढी ओळख त्या पेशीत अजून उरली आहे, याची ती खूण. ही ओळख बरीच टिकली असेल तर ‘वेल’, अर्धवट असेल तर ‘मॉडरेटली’ आणि जवळपास पुसली असेल तर ‘पुअरली डिफरन्शिएटेड’ असं लिहितात. रिपोर्टमधल्या त्या शब्दाचा अर्थ इतकाच आहे. आजार कुठल्या टप्प्यावर आहे ते त्यावरून कळत नाही.

या पेशी बाहेरून आलेल्या नाहीत. जंतू नाही, विष नाही. वडिलांच्याच गालाच्या पेशी आहेत, त्यांच्यावरची बंधनं एकेक करून सुटली आहेत. ती बंधनं कोणती, हाच तुमचा खरा प्रश्न आहे.

पहिलं बंधन परवानगीचं. पेशी आपल्या मनानं विभाजत नाही. विळा लागतो तेव्हा रक्तातल्या प्लेटलेट्स आणि आसपासच्या पेशी वाढीचे रासायनिक निरोप सोडतात. निरोप पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनाला चिकटतो आणि तिथून आत रास नावाच्या प्रथिनापर्यंत पोचतो. रास थोडा वेळ चालू होतं, निरोप पुढं ढकलतं आणि बंद होतं. जखमेच्या दोन्ही कडांच्या पेशी सरकत सरकत एकमेकींना भिडल्या की निरोप ओसरतात आणि विभाजन थांबतं. तुम्ही म्हणता ती ‘बरोबर जागेवर’ थांबणारी कातडी ती हीच. यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी ते काही आठवड्यांत पुन्हा भरतं आणि साधारण मूळच्या आकाराला येऊन थांबतं, इतकी ही यंत्रणा पक्की आहे.

१९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत दिसून आलं की रासच्या जनुकातलं केवळ एक अक्षर बदललंय. त्या बदलानं प्रथिनात १२ व्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन येतं आणि रासला बंदच होता येत नाही. बाहेरून कुणी काही सांगत नसतं, तरी पेशीला आतून सतत वाढीचा हुकूम मिळत राहतो. गालाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर या ग्राहक प्रथिनाची गडबड बऱ्याचदा आढळते. पेशीवर त्याची संख्याच इतकी वाढते की जरासा निरोपही तिला पुरतो.

पण एवढ्यानं कॅन्सर होत नाही, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्या अंगावर कुठंतरी तीळ असेल. पुष्कळशा तिळांत बीरॅफ नावाचं, याच साखळीतलं जनुक कायमचं चालू झालेलं असतं. मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरमध्ये जो बदल सापडतो तोच. तरीही तीळ ज्वारीच्या दाण्याएवढा होतो आणि तिथंच थांबून आयुष्यभर तसाच राहतो. सतत हुकूम येतोय, काहीतरी गडबड आहे, हे पेशीच्या आतल्याच दुसऱ्या यंत्रणेनं ओळखलेलं असतं आणि तिनं त्या पेशीचं विभाजन गोठवलेलं असतं. शरीराला वाढ थांबवता येत नाही का, असं तुम्ही विचारलंत. येते. आपल्याला पत्ता न लागता बहुतेक वेळा ते थांबवतंच.

या दुसऱ्या यंत्रणेत दोन प्रथिनं मोठी आहेत, आरबी आणि पी-५३. आरबीचं काम असं की विभाजनाची तयारी सुरू करणारी जनुकं ते दाबून धरतं. पुरेशी परवानगी जमा झाली तरच ते हात काढतं. याची गोष्ट लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या गाठीतून उलगडली. काही मुलांना ती दोन्ही डोळ्यांत आणि फार लहान वयात होते, काहींना एकाच डोळ्यात आणि जरा उशिरा. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये आकडेमोड करून मांडलं की जनुकाच्या दोन प्रती असतात आणि गाठ व्हायला दोन्ही बिघडाव्या लागतात. पहिल्या प्रकारच्या मुलांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, त्यामुळे दुसरी बिघडण्याचीच काय ती देर असते. आई-वडिलांकडून आपल्याला प्रत्येक जनुकाची एकेक प्रत मिळते, त्यातली एक गेली तरी बहुधा दुसरी काम सांभाळते. तोंडाच्या तंबाखूजन्य कॅन्सरमध्ये अनेकदा आरबी स्वतः शाबूत असतं, पण त्याला टिकवून धरणारं पी-१६ नावाचं प्रथिन नाहीसं झालेलं असतं. परिणाम तोच होतो.

पी-५३ वर मात्र मी जास्त वेळ घालवणार आहे. १९७९ मध्ये ते सापडलं आणि माणसाच्या सगळ्या कॅन्सरांपैकी साधारण निम्म्यांत त्याचं जनुक बिघडलेलं असतं. तंबाखूनं होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर बहुतेकदा. पेशीचा डीएनए तुटला-फुटला की पी-५३ जागं होतं. आधी विभाजन रोखतं, दुरुस्तीला वेळ देतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. या ठरवून होणाऱ्या मरणाचं वर्णन १९७२ मध्ये झालं, त्याला अपॉप्टोसिस म्हणतात. पेशी आक्रसते, तिचे बारीक तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते खाऊन टाकतात आणि सूजही येत नाही. निरोगी शरीरात हे रोज कोट्यवधी पेशींच्या बाबतीत घडतं. हत्तीच्या अंगात आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त पेशी, तरी त्याला कॅन्सर क्वचित होतो. शोध घेतल्यावर दिसलं की हत्तीत या जनुकाच्या जवळपास २० जोड्या आहेत. आपल्याकडे एकच जोडी.

ती एक जोडी वडिलांच्या गालात कशी गेली असेल? तंबाखूत नायट्रोसामाइन गटातली रसायनं असतात, ती डीएनएला चिकटतात. पेशी विभाजताना डीएनएची नक्कल करते, तेव्हा त्या चिकटलेल्या जागी चुकीचं अक्षर बसतं. चुन्यामुळे तोंडातला क्षारपणा वाढतो, तंबाखूतलं निकोटिन लवकर शोषलं जातं आणि अस्तर सोलवटतं. सोलवटलेलं अस्तर भरायला खालच्या रांगेला जास्त वेळा विभाजावं लागतं, आणि जितकी विभाजनं जास्त तितक्या चुकीच्या नकला जास्त. सुपारी वेगळीच हानी करते. तिनं अस्तराखालचा भाग तंतूंनी आवळत जातो आणि तोंड उघडेनासं होतं. कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेनं तंबाखू घातलेला असो वा नसो, सुपारीला कॅन्सरकारक म्हणूनच नोंदवलं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही तिशीतल्या पोरांच्या गालाचे तुकडे माझ्याकडे येतात. ते बघताना अजूनही आतून हलायला होतं.

हेच दोन अटकाव विषाणूही मोडू शकतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागं असलेला एचपीव्ही विषाणू पेशीत शिरून दोन प्रथिनं बनवतो. ई-६ हे पी-५३ चा नाश घडवून आणतं, ई-७ आरबीला निकामी करतं. जनुक शाबूत, पण त्यातून निघालेलं प्रथिन हाती लागत नाही. हे कळल्याचा फायदा आपल्याच भागात मोजून झालेला आहे. धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि तीच जागतिक संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. ज्या गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली आणि दोष सापडल्यास इलाज झाला, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर त्याचा आधार घेतला गेला. त्या गावांतल्या बायाबापड्यांनी जगाला दिलेली ही माहिती आहे, आणि आपल्याकडे किती कमी जणांना ती माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. घरात तुमच्या आई, मावशी, काकू असतील त्यांची ही तपासणी झाली आहे का, ते विचारा.

पुढचं बंधन मोजणीचं. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी काचपात्रात वाढवल्या तर साधारण ५० वेळा दुप्पट होऊन थांबतात. कितीही खाऊपिऊ घाला. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमेअर नावाची टोपणं असतात आणि दर विभाजनात ती थोडी थोडी झिजतात. पुरेशी झिजली की पेशी थांबते. वंश पुढं नेणाऱ्या पेशींना असं थांबून चालत नाही, म्हणून त्यांच्यात टेलोमरेज नावाचं विकर टोकं पुन्हा लांबवतं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांनी १९८४ मध्ये ते शोधलं आणि २००९ मध्ये जॅक शोस्टाक यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. शरीराच्या बहुतेक साध्या पेशींत हे विकर बंद असतं. कॅन्सरच्या ८५ ते ९० टक्के गाठींत ते पुन्हा सुरू झालेलं सापडतं. कॅन्सरच्या पेशी ‘अमर’ होतात असं जे वाचायला मिळतं ते याच अर्थानं, त्या मरतच नाहीत असं नाही. औषधानं, किरणांनी, रक्त न मिळाल्यानं त्या मरतात. त्यांच्या विभाजनांची गणती तेवढी संपत नाही. बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. बाई त्याच वर्षी गेल्या. पेशी घेताना त्यांना विचारलंही नव्हतं.

शेवटची बंधनं जागेची. अस्तराची पेशी आपल्या पडद्यापासून सुटली की एरवी मरते, या पेशी मरत नाहीत. रक्तपुरवठा नसेल तर कुठलीही गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडं फारशी जाऊ शकत नाही, हे जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. म्हणून गाठ निरोप सोडून आपल्याकडं नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. शरीरातल्या संरक्षक पांढऱ्या पेशी विचित्र पेशींना ओळखून मारतात, तर गाठीच्या काही पेशी त्यांच्यासमोर पीडी-एल-१ नावाचं प्रथिन धरतात आणि त्या शांत होतात. काचेवर कधीकधी गाठीच्या बेटाभोवती या पांढऱ्या पेशींचा दाट वेढा दिसतो. शरीर झुंजत असतं, हे डोळ्यांना दिसतं.

इथं एक प्रश्न उरतो: पेशीला एवढं सगळं सुचतं कसं? काहीच सुचत नाही. तुमच्या भागात कपाशी घेतात, म्हणून बोंडअळीचं सांगते. बीटी कपाशी आली तेव्हा गुलाबी बोंडअळी मरायची. लाखोंत एखादी जन्मजात थोड्या वेगळ्या घडणीची होती, ती वाचली. तिची पिल्लं वाचली, आणि काही वर्षांनी शेतात तशाच अळ्या उरल्या. २०१७ ला महाराष्ट्रात काय झालं ते तुमच्या घरानं पाहिलंच असेल. अळीनं काही ठरवलं नव्हतं. गालातही तसंच होतं. चुका कुठंही, कशाही होतात. बहुतेक चुकांनी पेशी मरते किंवा काही फरकच पडत नाही. एखाद्या चुकीनं एक बंधन ढिलं पडतं, त्या पेशीची पिल्लावळ शेजारणींपेक्षा वाढते, आणि त्या मोठ्या जमावात पुढची चूक होण्याला जास्त जागा मिळते. केमोथेरपीनंतर कधीकधी गाठ परत येते त्याचंही कारण हेच. औषधाला न जुमानणाऱ्या थोड्या पेशी आधीपासूनच तिथं असू शकतात.

म्हणजे परवानगी, आरबीचा अटकाव, पी-५३ ची तपासणी, विभाजनांची गणती आणि जागा, एवढं सगळं मोडावं लागतं. ते एका वर्षात होत नाही. एका पेशीची दुप्पट, तिची दुप्पट असं ३० वेळा झालं की १०० कोटींच्या आसपास पेशी होतात, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटरची गाठ. वाटेत पुष्कळ पेशी मरतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त फेऱ्या लागतात. तुम्हाला जखम काही महिन्यांपूर्वी दिसली. गालाच्या त्या जागेची कहाणी पुष्कळ आधी सुरू झालेली असणार. मधल्या काळात तिथं पांढरा किंवा लाल चट्टा असण्याची शक्यता मोठी होती. तो दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. मला या सगळ्या शास्त्रातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच वाटते: बंधनं सुटायला वर्षं लागतात आणि त्यातली बरीच वर्षं तोंड उघडून आरशात बघितलं तर दिसतात.

आता तुमच्या तीन शंका. टोचणारी दाढ एकटी दोषी आहे असं मी म्हणणार नाही. ती जागा सतत भरत राहावी लागली आणि त्याच जागी तंबाखू होती, या दोन्हींचा मेळ बसला, हे जास्त पटण्यासारखं आहे. कुणा एका माणसात नेमकं काय घडलं हे छातीठोक सांगता येत नाही. ‘काका पण तंबाखू खातात, त्यांना काही झालं नाही’ असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे. कोणती चूक कोणत्या पेशीत पडेल यात नशिबाचा भाग असतो, किती वर्षं आणि दिवसातून किती वेळा खाल्ली त्याचा असतो, जन्मजात घडणीचाही असतो. काकांना झालं नाही याचा अर्थ त्यांच्या गालात काहीच घडलेलं नाही असा धरू नका.

तुकडा काढल्यानं तोंडातला कॅन्सर भडकत नाही. हे मी आमच्या कामाची बाजू घेऊन सांगत नाही. तुकडा काढण्याआधीच गाठीनं पडदा ओलांडलेला होता, म्हणून तर रिपोर्ट तसा आला. तुकडा काढल्यावर महिना-दोन महिने इकडं देवऋषी, तिकडं झाडपाला असं होतं, त्या काळात गाठ आपल्या गतीनं वाढते आणि बोल बिचाऱ्या तुकड्याला लागतो.

साखरेची गोष्ट अर्धी खरी आहे. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त खातात, हे ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं आणि कॅन्सर अंगात कुठं आहे ते दाखवणारा पेट स्कॅन त्याच गुणावर चालतो. पण माणसानं साखर सोडली तरी रक्तातलं ग्लुकोज शरीर यकृतातून आणि स्नायू झिजवून टिकवून ठेवतं. गाठ उपाशी राहत नाही, माणूस राहतो. तोंडाच्या पेशंटला आधीच चावता येत नाही, वजन उतरलेलं असतं, आणि वजन उतरलं की ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही सोसायला जड जातात. मधुमेह असेल तर साखरेचं पथ्य डॉक्टर सांगतील तसं. नसेल तर भाकरी दुधात कुस्करून, मऊ खिचडी, वरण, अंडं, ताक, जे गिळता येईल ते पोटभर द्या.

पुढं काय, हे टप्प्यावर अवलंबून आहे: गाठीचा आकार, ती किती खोल गेली, मानेतल्या लसिका ग्रंथींत (पांढऱ्या पेशींच्या छोट्या ठाण्यांत) ती पोचली आहे का, हाडाला लागली आहे का. ते सीटी स्कॅन किंवा एमआरआय आणि सर्जनच्या तपासणीशिवाय मी सांगू शकत नाही, कुणीही सांगू नये. लवकरच्या टप्प्यात ऑपरेशन हाच मुख्य इलाज असतो. मानेत हाताला गाठ लागत नसली तरी सर्जन मानेतल्या या ग्रंथी काढायला सांगतील, तेव्हा घाबरू नका. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, ज्यांच्या मानेतल्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या ते तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसेल तेव्हा काढू म्हणून थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. पडदा ओलांडलेल्या पेशी मानेपर्यंत पोचतात तेव्हा त्या हाताला लागण्याएवढ्या मोठ्या नसतात, हेच त्याचं कारण.

वर सांगितलेलं प्रत्येक मोडलेलं बंधन औषधवाल्यांना पकडायला एक जागा देतं. ईजीएफआरला अडवणारी औषधं आहेत, पांढऱ्या पेशींना पुन्हा जागं करणारी आहेत. त्या दुसऱ्या प्रकाराच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. ती महाग असतात, पण तोंड आणि घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या पेशंटना अगदी कमी डोसमध्येही त्यांचा उपयोग होतो, हे टाटा मेमोरियलनं चाचणीत दाखवलं आहे. तुमच्या वडिलांना ती लागतीलच असं नाही, त्यामुळे आत्ताच त्यांच्या किमती शोधत बसू नका.

तंबाखू मात्र आजच थांबवायला हवी. ‘आता होऊन गेलं, आता सोडून काय’ असं घरोघर ऐकू येतं. गाठीचा भाग काढला तरी उरलेल्या तोंडानं तितकीच वर्षं तीच तंबाखू सोसलेली असते. तिथंही कुठं एक, कुठं दोन बंधनं सुटलेल्या पेशी असू शकतात. पुढचं बंधन सुटू द्यायचं की नाही, हे काही अंशी आपल्या हातात असतं. म्हणूनच इलाज पुरा झाल्यावरही तोंडाची तपासणी नियमानं चालू ठेवतात.

घरातल्या बाकीच्यांचं तोंडही उजेडात बघा. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, आपलीच तीन बोटं उभी धरून आत जाणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड, यातलं काही असेल तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. काकांपासून सुरुवात करा. घरात आजी मिसरी लावत असेल तर तिचंही बघा, बायकांचं तोंड बघायचं राहूनच जातं.

तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ पडेल. जाताना रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावर आधी चौकशी करा. आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही: ज्या लॅबनं तुकडा तपासला तिथून मूळ काचा आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तो पेशंटसाठी मिळतो, एक अर्ज लिहून द्यावा लागतो. तो सोबत असला की दुसऱ्या ठिकाणचे पॅथॉलॉजिस्ट त्यावरूनच पुन्हा तपासतात आणि बहुतेक वेळा नव्यानं तुकडा काढावा लागत नाही. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेण वितळतं.